वर्षभरात मूल किती पुढं गेलं?

महाराष्ट्रातल्या शाळांचे निकाल १ मेच्या आसपास लागतात. प्रगतिपुस्तक हाती येतं, वरच्या वर्गात घातल्याची नोंद दिसते आणि घरातला तो विषय तिथंच मिटतो. घरी शिकणाऱ्या मुलाच्या आईवडिलांना असं कुणी काही लिहून देत नाही. वर्षभर त्यांनी मुलासोबत पुस्तकं वाचलेली असतात, बाजारातले हिशेब केलेले असतात, एखादा किल्ला पाहून त्याचा नकाशा काढलेला असतो. मूल शिकतंय हे त्यांना दिसत असतं. किती शिकलं आणि कुठं अडलं, हे मात्र नेमकं सांगता येत नाही. मग एप्रिलमध्ये अनेक घरांत घाईचा एकच उपाय होतो. ओळखीच्या शाळेतून चौथीची किंवा सहावीची प्रश्नपत्रिका मागवायची आणि मुलाला घड्याळ लावून सोडवायला बसवायचं.

हा उपाय मला पटत नाही. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका त्या वर्गात शिकवलेल्या धड्यांवर बेतलेली असते. ती ज्यांनी ते धडे केले त्यांच्यासाठी असते. घरी शिकणाऱ्या मुलीनं त्या वर्षी मराठ्यांच्या इतिहासाऐवजी मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचला असेल, तर तिला कमी गुण पडणार. ते गुण बघून आईवडील घाबरतात आणि जूनपासून पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर जाऊन बसतात. उलट गुण भरपूर पडले, तर पुढच्या वर्षी काहीच बदलायला नको असा समज होतो. दोन्ही वेळा मुलीच्या शिकण्याबद्दल कळलेलं फार थोडं असतं.

म्हणून मोजमापाची पद्धत निवडण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात. हे उत्तर कोण वाचणार आहे? आणि ते वाचून आपण काय बदलणार आहोत? सरकारी कार्यालयाला हवं असलेलं उत्तर वेगळं, पुढं प्रवेश देणाऱ्या संस्थेला हवं असलेलं वेगळं, जूनचं नियोजन करणाऱ्या आईला लागणारं वेगळं. एकाच परीक्षेकडून ही सगळी उत्तरं मागितली की एकही धड मिळत नाही.

भारतात या घडीला घरी शिकणाऱ्या मुलाचा वार्षिक अहवाल कुणीही मागत नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात घरशिक्षणाचा उल्लेख नाही. कलम १० मुलाला शेजारच्या शाळेत घालण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतं, पण ते न पाळल्याबद्दल पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. याच कायद्याची दुसरी बाजू पालकांनी नीट वाचून ठेवावी. कलम ४ नुसार शाळेबाहेरच्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो आणि इतरांच्या बरोबरीला येण्यासाठी विशेष प्रशिक्षणाचा हक्कही मिळतो. कलम १३ नुसार प्रवेशासाठी मुलाची चाळणी परीक्षा घेता येत नाही. म्हणजे चौदा वर्षांपर्यंत मूल पुन्हा शाळेत घालायचं ठरलं, तर घरी घेतलेल्या परीक्षेचे गुण दाखवावे लागत नाहीत. या काळातलं मोजमाप पूर्णपणे आपलं आणि मुलाचं आहे. एवढी मोकळीक थोड्या देशांत असते, आणि तिच्यामुळंच निवडीची जबाबदारीही सगळी घरावर येते.

अमेरिकेत चित्र राज्यागणिक बदलतं. तिथं ही निवड कायद्यातच लिहिलेली असल्यामुळं आपल्याला तिच्याकडून शिकण्यासारखं बरंच आहे. व्हर्जिनियात दरवर्षी १ ऑगस्टपर्यंत प्रगतीचा पुरावा स्थानिक शिक्षण अधिकाऱ्याकडं द्यावा लागतो. पुरावा कोणता, हे पालक ठरवतात. राष्ट्रीय पातळीवरची प्रमाणित चाचणी घेता येते. तिच्यात एकूण गुण चौथ्या 'स्टॅनाइन'मध्ये किंवा त्याच्या वर, म्हणजे २३ व्या पर्सेंटाइलला किंवा पुढं असले की पुरतं. चाचणी नको असेल, तर परवानाधारक शिक्षकाकडून किंवा एखाद्या विषयात पदव्युत्तर पदवी घेतलेल्या, मुलाची प्रगती माहीत असलेल्या व्यक्तीकडून पत्र घ्यायचं. पेनसिल्व्हेनियात वर्षभराची कामं फाइलमध्ये लावून ठेवतात. पात्र परीक्षक ती फाइल बघतो, मुलाशी बोलतो आणि शिक्षण योग्य रीतीनं चाललं आहे असं लिहून देतो. ते पत्र ३० जूनपर्यंत पोचवायचं. तिसरी, पाचवी आणि आठवीत प्रमाणित चाचणीही घ्यावी लागते, आणि ती पालकांनी स्वतः घ्यायची नसते. न्यूयॉर्कमध्ये दर तिमाहीला अहवाल जातो. तिथं चाचणीत ३३ व्या पर्सेंटाइलच्या वर गुण हवेत, नाहीतर आधीच्या चाचणीशी तुलना करता वर्षभराची वाढ दिसायला हवी. वॉशिंग्टन राज्यात मोजमाप दरवर्षी करायचं, पण निकाल कुणाला पाठवायचा नाही, घरच्या नोंदींत ठेवायचा. टेक्सासमध्ये यातलं काहीच नाही.

नोकरीच्या निमित्तानं टेक्सासहून पेनसिल्व्हेनियाला गेलेल्या मराठी कुटुंबाला या फरकाचा चटका लगेच बसतो. कालपर्यंत कुणी काही विचारत नव्हतं आणि आता वर्षभराची नोंदवही दाखवायची असते. अमेरिकेत राहून घरी शिकवणाऱ्या प्रत्येकाला म्हणूनच माझं सांगणं आहे की राज्य काहीही मागो, कामांवर तारखा घालून ती जपून ठेवा. मागच्या तारखेनं फाइल तयार करता येत नाही आणि तसं करूही नये.

या सगळ्या कायद्यांत मला न्यूयॉर्कची 'नाहीतर वाढ दाखवा' ही सोय सर्वांत शहाणपणाची वाटते. इतरांच्या तुलनेत मागं असलेलं मूलही एका वर्षात छान पुढं गेलेलं असू शकतं, हे तिथल्या नियमानं मान्य केलं आहे.

पर्सेंटाइल हा आकडा आता आपल्याकडंही सीईटीमुळं घरोघरी पोचलाय, तरी त्याचा अर्थ लावताना गफलत होते. ६० पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी साठ गुण नव्हेत. तुलनेसाठी घेतलेल्या त्याच इयत्तेच्या मुलांपैकी सुमारे ६० टक्के मुलांचे गुण या मुलाच्या बरोबरीचे किंवा कमी आहेत, एवढंच त्यातून कळतं. दुसरी गफलत जास्त दुखावते. मागच्या वर्षी मुलगा ५० वर होता, यंदाही ५० वरच आहे, म्हणजे वर्ष वाया गेलं असं आईवडिलांना वाटतं. खरं तर त्याच्या वर्गातली सगळी मुलं वर्षभर पुढं सरकली आणि तोही त्यांच्याबरोबर सरकला, म्हणून आकडा तोच राहिला. हे एका वर्षाचं पूर्ण शिक्षण आहे. ७० वरून ६४ वर आलेला आकडाही घसरण समजण्याची घाई करू नये. एका सकाळच्या चाचणीत झोप, सर्दी, एका पानावरचे दोन न दिसलेले प्रश्न एवढ्यानंही तेवढा फरक पडतो. अमेरिकी निकालपत्रात 'ग्रेड इक्विव्हॅलंट' नावाचा रकाना असतो. तिसरीच्या मुलीसमोर तिथं ६.२ दिसलं, तर ती सहावीचं गणित करू शकते असा अर्थ होत नाही. तिसरीच्या प्रश्नांवर सहावीच्या सरासरी मुलानं जेवढे गुण मिळवले असते, तेवढे तिनं मिळवले, इतकंच. या रकान्यावर विसंबून मुलांना तीन इयत्ता वर ढकलू नये.

महाराष्ट्रात राहणाऱ्या घरासाठी मी सुरुवात 'असर'च्या चाचणीनं करायला सांगेन. प्रथम संस्था २००५ पासून ग्रामीण भारतात हे सर्वेक्षण करत आली आहे. शाळेत न जाता ते मुलाच्या घरी जाऊन केलं जातं, एकेका मुलाला शेजारी बसवून, तोंडी. वाचनात अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा सोपा परिच्छेद आणि दुसरीच्या पातळीची गोष्ट, एवढ्याच पायऱ्या. गणितात एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. मराठीतले नमुने मोफत मिळतात, आणि चाचणीला काही मिनिटं पुरतात. तिची मर्यादा ध्यानात ठेवावी. ही खालची रेघ आहे. दहा वर्षांचं मूल सगळ्या पायऱ्या चढलं, तर पाया पक्का आहे असं समजावं, त्यापलीकडं काही नाही. पण तेवढंच मूल गोष्टीपाशी अडखळत असेल, तर त्या वर्षाचं बाकी सगळं नियोजन बाजूला ठेवून वाचनाकडं वळावं. निकाल बघून निर्णय बदलणारं मोजमाप म्हणतात ते हे.

गणितात मी आणखी थोडं खोलात जाईन, कारण गुणांनी सर्वांत जास्त झाकलं जाणारं क्षेत्र तेच आहे. ४०२ मधून १७८ वजा करायला दिले. एका मुलानं ३७६ लिहिलं. दुसऱ्यानं ३२४ लिहिलं. बरोबर उत्तर २२४, तेव्हा दोघांनाही शून्य गुण. आता उत्तरं जवळून बघा. पहिल्यानं प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढलाय: आठातून दोन गेले सहा, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. कुठला अंक कुणातून वजा करायचा, हेच त्याला उमगलेलं नाही. हातच्याची रीत त्याला कितीही वेळा घोकायला लावली तरी उपयोग नाही. त्याला नोटा किंवा काड्यांचे गठ्ठे हाती देऊन ४०२ मधून १७८ प्रत्यक्ष काढायला लावायला हवेत. दुसऱ्याला कल्पना पक्की कळली आहे. दशकाच्या शून्याचे नऊ झाले हेही त्यानं ओळखलं, फक्त शतकाच्या घरातला एक कमी करायचा राहिला. त्याला दोन दिवसांचा सराव पुरेल. एका मुलाला महिनाभराचं काम लागणार आहे, दुसऱ्याला दोन दिवसांचं, आणि गुणपत्रिका दोघांना एकाच रांगेत बसवते. म्हणून घरी दहाच उदाहरणं द्या, पण प्रत्येक चुकीच्या उत्तरावर बोट ठेवून 'हे कसं केलंस, मला दाखव' असं विचारा. चूक काढायच्या सुरात नको, खरोखर जाणून घ्यायच्या सुरात. मुलाला तो फरक लगेच कळतो.

वाचनासाठी मुलानं आधी न वाचलेला उतारा घ्यावा, मिनिटभर मोठ्यानं वाचून घ्यावा, मग पुस्तक मिटून काय वाचलं ते सांगायला लावावं. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानानं तिसरीअखेर अनोळखी मजकूर मिनिटाला किमान ६० शब्दांच्या वेगानं, अर्थ समजून वाचता यावा, असं उद्दिष्ट ठेवलं होतं. मराठीत हा आकडा सैल हातानं वापरावा. 'शेजारच्यांकडूनसुद्धा' हा आपल्याकडं एकच शब्द आहे, इंग्रजीत तिथं चार-पाच शब्द लागतील. वेग मोजायचाच, तर जून आणि एप्रिलमधल्या आपल्याच मुलाच्या वेगांची तुलना करावी, उतारे साधारण सारख्या अवघडपणाचे ठेवावेत. आणि वेग वाढला पण गोष्ट सांगता येत नाही, असं आढळलं तर आणखी वेगाच्या मागं लागू नये. त्या मुलासोबत रोज बसून वाचलेल्याबद्दल गप्पा मारणं, हा त्यावरचा इलाज आहे.

लेखनाला तर चाचणी लागतच नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात एक विषय द्या, समजा 'आपल्या इमारतीत पाणी कुठून येतं आणि कुठं जातं'. मुलाला हवं तेवढं लिहू द्या, एकही अक्षर सुधारू नका, तारीख घालून ठेवून द्या. एप्रिलमध्ये तोच विषय पुन्हा द्या आणि दोन्ही कागद शेजारी ठेवा. जोडाक्षरं सुधारली का हे दिसेलच. त्याहून 'म्हणून', 'कारण', 'तरीपण' हे शब्द वाढलेत का ते बघा. विचार जोडायला लागलेलं मूल हे शब्द वापरायला लागतं. हा नमुना घेताना एक पथ्य पाळावं: मुलाचं सर्वांत चांगलं लेखन फाइलमध्ये त्याच्या निवडीनं जाऊ द्यावं, पण तुलनेसाठी साधं, रोजच्यासारखं लिहिलेलं पान घ्यावं. निवडक उत्तम कामांची फाइल पाहुण्यांना दाखवायला छान, प्रगती मोजायला मात्र निरुपयोगी असते.

आता 'आपलं मूल कुठल्या इयत्तेएवढं आहे' हा प्रश्न तरीही छळत असेल, तर त्याचीही सोय आहे. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांच्या सुरुवातीच्या पानांवर त्या त्या विषयाच्या 'अध्ययन निष्पत्ती' छापलेल्या असतात, आणि ही पुस्तकं मंडळाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवता येतात. एनसीईआरटीनं २०१७ मध्ये प्राथमिक स्तरासाठी तयार केलेल्या निष्पत्ती त्यांच्यामागं आहेत. त्या वाचून पालकांच्या मनावरचं ओझं बरंच उतरतं, कारण त्यांत धड्यांची नावं नसतात, मुलाला काय करता यावं हे असतं. परिसरातल्या वस्तूंचं वर्गीकरण करता येणं, नकाशावर दिशा सांगता येणं, ऐकलेल्या गोष्टीवर आपलं मत मांडता येणं. गिरण्यांचा इतिहास वाचलेल्या मुलीला यातलं बहुतेक येत असतं. प्रत्येक निष्पत्तीपुढं खूण करत बसू नका. तिच्यापुढं एक प्रसंग लिहा. शाळांमध्येही २०१० पासून आकारिक मूल्यमापनात वर्णनात्मक नोंदी करतात, पण चाळीस मुलांच्या वर्गात त्या साचेबंद होतात: 'स्वाध्याय वेळेवर पूर्ण करतो', 'उपक्रमात सहभाग घेते'. शिक्षकांचा त्यात दोष नाही, वेळच नसतो. घरी एकदोनच मुलं असतात. तिथं 'बसच्या वेळापत्रकावरून पुण्याला पोचायची वेळ स्वतः काढली, ६० मिनिटांचा हातचा घेताना चुकली, मग स्वतःच सुधारलं' अशी नोंद करता येते. या एका ओळीत पुढच्या आठवड्याचं गणित दडलेलं आहे.

एवढं सगळं घरात केलं तरी एक उणीव राहते, आणि ती भरून काढल्याशिवाय वर्षाचं मोजमाप पुरं झालं असं मी म्हणणार नाही. शिकवणारे आपण आणि तपासणारेही आपणच. मूल अडखळलं की आपण नकळत पहिला शब्द पुरवतो. त्याच्या अर्धवट वाक्याचा अर्थ आपल्याला लागतो, परक्याला लागत नाही. यासाठी पेनसिल्व्हेनियाची पद्धत कायद्याविना उचलावी. वर्षातून एकदा तिसऱ्या माणसाला बोलवावं. निवृत्त शिक्षिका, गणित शिकवणारे ओळखीचे काका, दुसऱ्या घरशिक्षण करणाऱ्या घरातली आई. त्यांनी तासभर मुलासोबत बसावं, फाइल मुलानंच त्यांना दाखवावी, त्या वेळी आईवडील दुसऱ्या खोलीत असावेत. नंतर त्या माणसाला 'चौथीएवढं येतं का?' असं विचारू नका, कारण मग तो प्रश्नपत्रिका काढायला बसेल. हे मूल कशाबद्दल आपणहून बोललं, कुठं गप्प झालं आणि तुमच्या हाती असतं तर पुढच्या वर्षी तुम्ही काय वेगळं केलं असतं, एवढं विचारा. उत्तरं लगेच खोडून काढायचा मोह आवरावा. ती लिहून ठेवावीत आणि आठवड्यानं वाचावीत.

काही विषयांत बाहेरची शिडी आधीच उभी असते. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या संगीताच्या परीक्षा प्रारंभिकपासून प्रवेशिका, मध्यमा, विशारद अशा चढत जातात, आणि कुठल्या परीक्षेला बसायचं हे शाळेची इयत्ता ठरवत नाही, तयारी ठरवते. नऊ वर्षांची मुलगी आणि तिची आजी एकाच परीक्षेला बसू शकतात. घरी शिकणाऱ्या मुलाला परीक्षेच्या खोलीची, अनोळखी परीक्षकाची ओळख व्हायला ही उत्तम जागा आहे.

मोजमापातून सातत्यानं एकच अडचण दिसत असेल, मूल हुशारीनं बोलतं पण वाचन वर्षानुवर्षं तिथंच अडलेलं असेल, तर घरच्या चाचण्या थांबवाव्यात आणि तज्ज्ञांकडं जावं. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं डिस्लेक्सियासाठी 'डाली' हे साधन तयार केलंय, ते मराठीतही आहे. मुंबईत सायन, नायर, केईएम यांसारख्या सार्वजनिक रुग्णालयांत अध्ययन अक्षमतेची तपासणी होते आणि प्रमाणपत्रही मिळतं. इंग्रजीतून शिकणाऱ्या पण घरी मराठी बोलणाऱ्या मुलाची तपासणी दोन्ही भाषांत व्हावी असा आग्रह धरा.

वयाच्या तेराव्या-चौदाव्या वर्षी प्रश्नाचं रूप पालटतं. आता उत्तर बाहेरचे लोक वाचणार असतात. २०१६ साली मुंबईची एक घरी शिकलेली मुलगी अमेरिकेतल्या एमआयटीत गेली. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्ये तिनं दोन रौप्य आणि एक कांस्य अशी तीन पदकं मिळवली होती, पण तिच्याकडं बारावीचं प्रमाणपत्र नसल्यामुळं आयआयटीचा रस्ता बंद होता. तिच्या बुद्धीचं मोजमाप जगानं केलेलं होतं. आपल्याकडच्या नियमांना हवा असलेला कागद तेवढा नव्हता. असं पदक लाखात एखाद्याला मिळतं, तेव्हा इतरांनी कागदाची तयारी वेळेवर करावी हे बरं.

राज्य मंडळाच्या दहावीला खासगी विद्यार्थी म्हणून १७ नंबरचा अर्ज भरून बसता येतं. इंग्रजी माध्यमातली काही कुटुंबं मुलांना केंब्रिजच्या परीक्षेला खासगीरीत्या बसवतात, तिचा खर्च बराच जास्त येतो. मला सर्वांत सोयीची वाटते ती एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथं तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष 'ए', 'बी', 'सी' या मूलभूत स्तरांच्याही परीक्षा आहेत, पण घरी शिकणारी बहुतेक मुलं थेट दहावीला बसतात. त्यासाठी वय १४ पूर्ण लागतं. पाच विषय, त्यांत किमान एक भाषा, परीक्षा वर्षातून दोनदा, आणि उत्तीर्ण होण्यासाठी पाच वर्षांत नऊ संधी. पास झालेल्या विषयांचे गुण जमा राहतात. शिवाय मागणीनुसार परीक्षेची सोय असल्यामुळं एकेक विषय तयार होईल तसा देता येतो. गृहपाठाचे गुणही अंतिम निकालात धरले जातात, तेव्हा तो मुदतीत पाठवायला विसरू नये.

पहिला विषय निवडताना बरेच पालक सर्वांत अवघड तो आधी उरकायला लावतात. मी उलट सांगेन. चौदा वर्षांच्या मुलानं आजवर तीन तास बसून, अनोळखी माणसासाठी, हातानं उत्तरं लिहिलेली नसतात. ती सवय व्हायला त्याच्या आवडीचा विषय आधी द्यावा. गणित, विज्ञान पुढच्या खेपेला. दरम्यान घरी आठवड्यातून एकदा जुनी प्रश्नपत्रिका घेऊन, वेळ लावून, पेननं लिहायला बसवावं. सुरुवातीला मागवलेली ती शाळेची प्रश्नपत्रिका चौथीत ज्या कामाला येत नव्हती, त्याच कामाला ही जुनी प्रश्नपत्रिका आता येते, कारण आता मुलानं खरोखर तेच धडे केलेले असतात.